उद्याचे गिऱ्हाईक

आपल्या मराठी प्रवासवर्णनांत विमान एकदा जमिनीला टेकले की दोन-चार पानांत जेवण येतेच, आणि येताना ते बहुधा दोनच रस घेऊन येते. पहिला करुण. वरणभाताची आठवण, पिशवीतला चिवडा जपून पुरवणे आणि सातव्या दिवशी कोठेतरी दिसलेल्या भाताच्या मुदीने भरून आलेले डोळे. दुसरा अद्भुत. ताटात आलेली गोगलगाय, आठ पायांचा समुद्रप्राणी आणि ते सारे पाहून लेखकाच्या अंगावर आलेला काटा. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील पुस्तक १८८९ सालचे आणि पु. ल. देशपांड्यांची 'अपूर्वाई' १९६० सालची. अशा थोरांची गोष्ट निराळी. त्यांना माणसे पाहण्याची हौस होती, त्यामुळे ताटापलीकडेही त्यांची नजर जाई. पण त्यांच्या मागून आलेल्या आम्हा सामान्यांच्या वर्णनांत जेवण हे एक तर संकट असते, नाही तर सर्कस. परदेशातले जेवण हे तिथल्या माणसांचे रोजचे जेवण आहे, एवढी साधी गोष्ट आम्ही क्वचितच ध्यानात घेतो.

खरे म्हणजे जेवणाची समीक्षा आम्हाला परकी वाटायचे कारण नाही. नाट्यशास्त्रात रस म्हणजे काय हे समजावून सांगताना भरताने दाखला दिला तो स्वयंपाकघराचा. नाना व्यंजने एकत्र येऊन अन्नाला जशी रुची येते आणि प्रसन्न मनाची माणसे तिचा आस्वाद घेतात, तसेच नाटकाचे, असे तो म्हणतो. त्याने ताटावरून रंगभूमी समजावली. मी आज उलट वाटेने जाणार आहे. एकच नाटक दोन मंडळ्यांनी केलेले पाहावे आणि मग दोहोंची तुलना करावी, तसे एकच पक्वान्न मी दोन ठिकाणी जेवलो, त्याची ही हकीकत. गाव लिस्बन, पोर्तुगालची राजधानी. पक्वान्नाचे नाव बाकाल्याउ आ ब्राश. खारवून सुकवलेल्या कॉड माशाच्या काड्या, कांदा, काडीसारखे चिरून तळलेले बटाटे आणि हे सारे जेमतेम सांधून धरणारे अंडे. वर काळे ऑलिव्ह आणि कोथिंबिरीची बहीण शोभावी अशी एक हिरवी पाने. एवढाच पदार्थ, पण पोर्तुगीज माणसाच्या जिव्हाळ्याचा.

पहिला प्रयोग पाहिला तो गावाच्या सपाट, मध्यवर्ती भागात. १७५५ सालच्या भूकंपाने हा भाग जमीनदोस्त झाला होता, नंतर तो सरळ काटकोनी रस्त्यांनी पुन्हा बांधला. रस्ते देखणे, पायाखाली काळ्यापांढऱ्या दगडांची नक्षी, मधोमध टेबले मांडलेली. दारात उभ्या असलेल्या गृहस्थाने सौभाग्यवतीच्या कपाळावरचे कुंकू पाहून दोन्ही हात जोडले आणि "नमस्ते" म्हटले. परमुलखात हा शब्द कानी पडला की मराठी माणूस विरघळतो. आम्ही विरघळलो. हातात आलेल्या पदार्थयादीत सहा भाषा होत्या आणि प्रत्येक पदार्थाचे रंगीत छायाचित्र होते. न मागता टेबलावर पावाची टोपली आली, ऑलिव्ह आले, लोणी आले, चीजचा एक छोटा गोळा आला. "पाहा," मी म्हणालो, "आतिथ्य म्हणतात ते हे!" आणि आम्ही त्या आतिथ्याचा फडशा पाडला.

मग बाकाल्याउ आले. दिसायला हुबेहूब छायाचित्रासारखे. त्याची प्रशंसा करायची तर एवढी एकच करता येईल. अंडे शिजून कोरडे झाले होते, बटाट्याच्या काड्या पिशवीतून काढल्यासारख्या एका मापाच्या आणि एका चवीच्या होत्या, आणि मासा कोठे होता तो शोधावा लागत होता. मीठ बेताचे, तिखटाचा पत्ता नाही, वास नाही. कोणालाही खटकू नये एवढ्याच बेताने ते शिजवले होते. आणि जे कोणालाच खटकत नाही, ते कोणाला आवडतही नाही.

बिल आले तेव्हा त्यात आतिथ्याचे साडेसात युरो लावलेले होते. "अहो, तुमचं आतिथ्य महाग पडलं," सौभाग्यवती म्हणाली. मी काही बोललो नाही. त्या रात्री मनातल्या मनात मी एक लेख लिहून काढला. त्याचे शीर्षक 'लिस्बनमधील लूट' असे होते. तो लेख कागदावर उतरला नाही हे बरे झाले, कारण दुसऱ्याच दिवशी त्यातला मुख्य मुद्दा खोटा ठरला.

आम्ही उतरलो होतो मोरारीया नावाच्या जुन्या वस्तीत. ११४७ साली मूर राजवटीकडून लिस्बन जिंकल्यावर मागे राहिलेल्या मूर लोकांना जिथे राहू दिले तो हा भाग. अरुंद गल्ल्या, चढउतार, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे. आज इथे बांगलादेशी, नेपाळी, भारतीय मंडळींची दुकाने आहेत. तांदूळ, डाळी, हळद सारे मिळते. दुसऱ्या दिवशी सकाळी सौभाग्यवती म्हणाली, "अहो, आज संकष्टी."

आता आली का पंचाईत! मी म्हणालो, "अगं, इथे हाकेच्या अंतरावर भारतीय हॉटेलं आहेत. चल, काहीतरी सोय होईल." दोन ठिकाणी विचारून आलो. दोघांनीही मोठ्या अगत्याने बसायला सांगितले, पण कांदालसणावाचून एक पदार्थ नव्हता. साबुदाणा शब्द एकाला ठाऊक होता. तो म्हणाला, त्याची आई करायची. तेवढ्यावर आमचा निरोप घेतला.

दुपारी एकच्या सुमारास एका उतारावरच्या खाणावळीपाशी आम्ही थांबलो. अशा खाणावळीला तिथे ताश्का म्हणतात. दाराशी कोणी उभे नव्हते. आत आठ-दहा टेबले, त्यांवर कागदाचे आच्छादन, भिंतीला निळ्यापांढऱ्या फरशा, कोपऱ्यात मुक्याने चाललेला टेलिव्हिजन. एक म्हातारा एकटाच जेवत होता. त्याच्यासमोर पदार्थयादी नव्हती. रंगाने माखलेल्या कपड्यांतले तीन कामगार होते, त्यांच्यापुढेही यादी नव्हती. यादी होती ती एका कागदावर हाताने लिहून दारावर चिकटवलेली, आणि तिच्यावर आजची तारीख होती.

मी ती अक्षरे लावू लागलो आणि मजा वाटू लागली. 'बताता' म्हणजे बटाटा. 'अननाश' म्हणजे अननस. हिरव्या सुपातली पालेभाजी 'कोव', तिच्यातूनच आपली कोबी आलेली. 'पाऊं' म्हणजे पाव. आजच्या पदार्थाला 'प्रातु' असा शब्द. प्रातु म्हणजे ताट, आणि आपल्या परातीचे मूळ याच शब्दात असल्याचे सांगतात. सर्वांत वर 'कान्झ' हे कोंबडीचे भात घातलेले सूप. हा शब्द मात्र उलट दिशेने गेलेला. मलबारातली कांजी जहाजात बसून पोर्तुगालला पोचली आणि तिथल्या आजाऱ्यांची पथ्याची वाटी झाली. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला आणि १९६१ सालापर्यंत गोव्यावर पोर्तुगीज सत्ता होती. त्या साडेचारशे वर्षांत जे जुलूम झाले ते कोणी विसरू नयेत. पण त्याच काळात स्वयंपाकघराच्या मागल्या दाराने शब्दांची देवघेव चालू होती, आणि ती या चिटोऱ्यावर माझ्यापुढे होती.

खाणावळीची मालकीण साठीच्या घरातली, अंगाने भरलेली, कपाळावर घाम. इंग्रजी तिला येत नव्हते. पोर्तुगीज आम्हाला येत नव्हते. मी खिशातला मोबाईल काढून भाषांतर करू लागलो. तेवढ्यात सौभाग्यवती सरळ तिच्याकडे वळली आणि चक्क मराठीत म्हणाली, "बटाटा. उकडून. फक्त मीठ."

बाईने "बताता!" असा उद्गार काढला, आणि तिचा चेहरा उजळला. मग हातवारे झाले. मासा नको, मांस नको, अंडे नको, कांदा नको. बाईने एकदा तिच्याकडे आणि एकदा गळ्यातल्या क्रुसाकडे बोट करून, आभाळाकडे पाहिले. सौभाग्यवतीने मान डोलावली. उपास या विषयावर दोन बायकांचे एकमत व्हायला भाषेची गरज लागली नाही. तरी हिची शंका राहिलीच. तिकडे मासा आणि बटाटे पुष्कळदा एकाच भांड्यात उकडतात, हे हिने वाचले होते. तिने स्वयंपाकघराकडे पाहिले तशी बाईने तिला हाताला धरून आतच नेले आणि शेगडीवरचे वेगळे छोटे पातेले दाखवले. परदेशच्या हॉटेलात आमच्या घरची बाई स्वयंपाकघरात जाऊन आली, हा मान मला काही मिळाला नाही.

बटाटे आले, त्यांवर ऑलिव्हचे तेल. ते उपासाला चालते की नाही, याचा निर्णय धर्मसिंधूत असण्याचा संभव नाही. तेव्हा ते चालते असे आम्ही ठरवले. नंतर अननसाच्या फोडी आल्या. आणि माझ्यापुढे आले बाकाल्याउ आ ब्राश.

काल पाहिलेले नाटक हेच का, असा प्रश्न पडावा. अंडे नुकते कोठे धरू लागले होते, अजून ओलसर होते. बटाट्याच्या काड्या कमीजास्त जाडीच्या होत्या, त्यामुळे काही मऊ पडल्या होत्या आणि काही अजून कुरकुरत होत्या. आणि मासा होता. दाताला लागत होता. सुक्या माशाला जो थोडा उग्र, थोडा खारट स्वभाव असतो तो पाण्यात भिजवून पार घालवलेला नव्हता, लगाम घालून ठेवलेला होता. कोकणातल्या माणसाला हे निराळे सांगायला नको. खारवलेला मासा किती वेळ भिजवायचा, पाणी किती वेळा बदलायचे, हे पुस्तकात असते, पण खरा निर्णय बोटांनी घ्यायचा असतो. या ताटात ती बोटे दिसत होती. मीठ मला किंचित जास्त वाटले. म्हाताऱ्याला वाटले नसावे. ते ताट त्याच्या जिभेच्या मापाने केले होते, माझ्या नव्हे, आणि मला आनंद झाला तो नेमका याचाच.

आणि हो, इथेही न मागता पाव आणि ऑलिव्ह आले होते! मी हात आखडला. बाईच्या मुलाने दारावरच्या कागदाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. तिथे 'कूवेर' हा शब्द आणि त्याची किंमत लिहिलेली होती. तेव्हा कळले की हा त्या देशाचा सरसकट रिवाज आहे. खाल्ले तर पैसे द्यावे, नको असेल तर हात न लावता परत पाठवावे, त्याचे पैसे लागत नाहीत. कालच्या हॉटेलाने मला लुटले नव्हते. मीच एका देशाचा रिवाज आतिथ्य समजून खाल्ला आणि मग त्याला लूट म्हणालो. प्रवासातल्या तक्रारींपैकी निम्म्या तरी अशाच असतात. पण मग कालच्या जेवणावरचा माझा आक्षेप शिल्लक राहतो काय? राहतो. तो बिलाबद्दल नाही, ताटाबद्दल आहे.

आम्ही प्रवासी एक शब्द फार वापरतो: अस्सल. अस्सल स्थानिक जेवण पाहिजे. पण अस्सल म्हणजे काय, हे तपासू गेले तर हाती भलतेच काही लागते. पोर्तुगालचे जे राष्ट्रीय पक्वान्न समजले जाते, त्यातला कॉड मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज खलाशी तो न्यूफाउंडलंडच्या बाजूने आणीत आले आणि आज तो मुख्यतः नॉर्वेहून येतो. बटाटा दक्षिण अमेरिकेचा. जेवणानंतरची कॉफी मूळची पोर्तुगालची नाही, आणि त्यांच्या गोडावर भुरभुरलेली दालचिनी पूर्वेकडची.

यावर हसण्याआधी आपल्या उपासाचे ताट पाहावे. साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा. आज तो तामिळनाडूत सेलमच्या बाजूला तयार होतो, पण कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणे तिथलेच, बटाटे तिथलेच, हिरवी मिरची अमेरिका खंडातलीच. पोर्तुगीज जहाजे येण्यापूर्वी यांतले काहीही आपल्या आज्यांच्या आज्यांना ठाऊक नव्हते. तरीही एकादशीच्या पहाटे भिजत घातलेल्या साबुदाण्याइतके अस्सल मराठी दुसरे काय आहे? उलट दिशेचे उदाहरण गोव्याच्या विंदालूचे. मूळ पोर्तुगीज नावात दारू आणि लसूण यांत मुरवलेले मांस एवढाच अर्थ होता. गोव्याच्या बायकांनी त्यात आपला शिरका आणि आपली मिरची घालून त्याचे विंदालू केले. पुढे परमुलखातल्या हॉटेलांनी नावातला 'आलू' ऐकून त्यात बटाटे टाकले! गोव्याचे विंदालूही मूळचे बदललेलेच आणि हे बटाट्याचे विंदालूही बदललेलेच. मग पहिल्याला आपण अस्सल म्हणतो आणि दुसऱ्याला फसवे, ते कशाच्या बळावर?

मला वाटते, पदार्थ कोठून आला यावर हे ठरत नाही. तो कोणासाठी शिजवला यावर ठरते. त्या म्हाताऱ्याला उद्या पुन्हा त्याच खुर्चीवर बसायचे आहे. आज मासा खारट झाला तर तो उद्या बोलून दाखवील, आणि परवा आला नाही तर मालकिणीला चुकल्याचुकल्यासारखे होईल. हा उद्याचा धाक, आणि उद्याचा लोभही, त्या पातेल्यावर असतो. सपाट रस्त्यावरच्या हॉटेलाला उद्या नाही. मी पुन्हा येणार नाही हे दारातल्या गृहस्थाला ठाऊक असते. माझ्या जागी उद्या दुसरा कोणी असेल, त्यालाही तो त्याच्या भाषेतला नमस्कार करील. तिथला स्वयंपाकी वाईट असतो असे नाही. त्याला दाद देणारा आणि त्याच्याशी भांडणारा कोणी उरलेला नाही, म्हणून त्याच्या हाताची चव जाते. ज्या नटापुढे रोज नवे आणि पुन्हा न येणारे प्रेक्षक बसतात, त्याचेही हेच होते. भरताने सांगितलेला प्रसन्न मनाचा जेवणारा नुसता रसिक असून भागत नाही, तो परत येणाराही असावा लागतो. आपल्याकडेही ज्या खाणावळीपुढे मुंबई-पुण्याच्या गाड्या लागू लागतात तिथली सोलकढी हळूहळू गुलाबी होत जाते आणि पातळ होत जाते, हे कोकणातल्या माणसांनी पाहिलेले आहे.

तिसऱ्या दिवशी लिस्बनमधले आमचे शेवटचे जेवण होते. आदल्या दिवशी यादीत सौभाग्यवतीने 'आरोश दोस' वाचले होते. दुधात शिजवलेला गोड भात, म्हणजे खीरच, पण घट्ट आणि थंड, वर दालचिनीच्या पुडीने काढलेली नक्षी. उपासाला तांदूळ चालत नाही, म्हणून तिने तेव्हा मन आवरले होते. "अहो, आज तिथेच जाऊ," ती म्हणाली. त्या दिवशी पाहायची ठरलेली एक प्रेक्षणीय जागा राहिली ती राहिलीच.

आम्ही आत शिरलो तशी बाईने आम्हाला ओळखले. म्हाताऱ्याने मान किंचित हलवली. आम्ही बसतो न बसतो तोच, न सांगता, उकडलेल्या बटाट्यांची बशी सौभाग्यवतीपुढे आली. कांदा नाही, मासा नाही. बाई अभिमानाने उभी. आज उपास नाही, आज मला तुझा मासा हवा आहे, हे तिला कसे सांगावे? हिने ते सांगितलेच नाही. तिने मुकाट्याने ते बटाटे खाल्ले, आणि मग बोटाने माझ्या ताटाकडे दाखवून मासाही मागवला. बाई क्षणभर गोंधळली, मग खदखदून हसली. शेवटी आरोश दोस आले. वेलदोडा नव्हता, त्याऐवजी लिंबाच्या सालीचा वास होता. पहिल्या घासाला ती म्हणाली, "आईच्या हातची नाही." दुसऱ्या घासाला काही म्हणाली नाही. बशी पुसून घेतली. मुलाने हिशेब टेबलावरच्या कागदावरच पेन्सिलीने मांडला. मी तो कोपरा फाडून घेतला, अजून माझ्यापाशी आहे.

आता वाचक विचारतील, त्या खाणावळीचे नाव काय, गल्ली कोणती? समीक्षकाने ग्रंथाचे नाव सांगावे हा नियम आहे. तो मी मोडणार आहे, आणि त्याचे कारण सांगणे मला भाग आहे. आम्ही ज्या घरात उतरलो होतो ते पूर्वी कोणा कुटुंबाचे बिऱ्हाड असणार. प्रवाशांना भाड्याने देणे अधिक किफायतीचे, म्हणून अशी घरे त्या वस्तीत इतकी वाढली की २०१८ साली लिस्बनच्या नगरपालिकेने मोरारीया, आल्फामा वगैरे जुन्या भागांत त्यांची नवी नोंदणी थांबवली. म्हणजे त्या म्हाताऱ्याच्या शेजाऱ्यांना हुसकावणाऱ्यांत आमचाही खारीचा वाटा होता. उद्याची गिऱ्हाइके त्या गल्लीतून उठून जात आहेत आणि त्यांच्या खोल्यांत आमच्यासारखी आजची गिऱ्हाइके झोपत आहेत. अशा वेळी मोबाईलवर त्या खाणावळीला पाच तारे देणे हे तिचे भले करणे आहे की तिच्या दाराशी "नमस्ते" म्हणणारा गृहस्थ उभा करणे आहे, याचा मला उलगडा झालेला नाही. बाईला चार पैसे जास्त मिळाले तर मला आनंदच आहे. पण तिचे मीठ कमी झाले तर त्याचे पाप माझ्या माथी नको.

म्हणून नाव सांगत नाही. खूण सांगतो, ती कोणत्याही देशात चालेल. दाराशी कोणी उभे नसावे. यादीवर आजची तारीख असावी. आत एक तरी माणूस यादी न पाहता जेवत असावा. आणि जमले तर एखादे प्रेक्षणीय स्थळ सोडून त्याच ठिकाणी दुसऱ्यांदा जावे. पहिल्या जेवणाला आपण प्रवासी असतो. दुसऱ्या जेवणाला, एका बशीपुरते का होईना, आपण त्यांचे उद्याचे गिऱ्हाईक होतो.

यंदाच्या फराळासाठी शेंगदाणे निवडताना सौभाग्यवती मध्येच थांबली आणि म्हणाली, "ती बाई आता संकष्टीला बटाटे उकडत असेल का हो?" मी म्हणालो, "तिला कुठे ठाऊक संकष्टी कधी ते?" "तरी पण," ती म्हणाली, आणि पुन्हा दाणे निवडू लागली.